खाकी ठिगळ

कंडक्टर काकांचा आवाज असा होता, की तो ऐकून माणसं आधी पुढे सरकायची आणि मग आपण का सरकलो याचा विचार करायची. शहराच्या बसमध्ये त्यांनी उभी नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर बस सुटली, पण आवाज ते घरी घेऊन आले. बिबवेवाडीतल्या आमच्या तीन मजली सोसायटीत लिफ्ट नाही, त्यामुळे निम्म्या गप्पा जिन्यातच होतात. दोन बायका बोलत उभ्या राहिल्या की वरून गर्जना व्हायची, "पुढे सरका! जिना आहे, बसस्टॉप नाही!" दूधवाला, कुरियरवाला, सोसायटीचे चेअरमन, सगळे त्यांच्यापुढून अंग चोरून जात. कोणी चुकीची बेल वाजवली तर ते दार उघडून अगदी शांतपणे विचारत, "डोळे घरी ठेवून आलात का?" मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहते, शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. चाळिशी उलटली तरी त्यांची चाहूल लागली की मी दारातल्या चपला सरळ करायची.

ज्याला आपण घाबरतो तो माणूसच घाबरलेला दिसला की पायाखालची फरशी हलते. माझी हलली ती काकू गेल्यावर. काकू एका सकाळी चक्कर येऊन पडल्या, दवाखान्यात नेलं, त्या परत आल्याच नाहीत. मेंदूत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने असणार, हात नीट चालत नसल्याचं त्यांना जाणवलंही असणार. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काका एकच वाक्य सांगत होते, "मला काही बोलली नाही." त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी बंगळूरहून आली, दिवस होईपर्यंत राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, तिकडेच चला आता." काका म्हणाले, "बघू."

मंजिरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बेल वाजली. दारात काका. "बाई, तुमच्याकडे लाइट आहे का?" माझ्या डोक्यावर पंखा गरगरत होता आणि तो त्यांनाही दिसत होता. "आहे की," मी म्हणाले. "बरं," असं म्हणून ते उभेच राहिले. मग रोजच काहीतरी विचारायला येऊ लागले. पाणी आलं का, आज वार कोणता, भाताला शिट्ट्या किती घ्यायच्या. एकदा म्हणाले, "वर फार आवाज येतो हो." मी विचारलं, "कसला?" त्यांनी थोडा विचार केला. "कसलाच नाही. तोच."

सगळ्यात मोठी भीती दाराच्या कडीची होती. आतून कडी लावायला ते तयार नव्हते. "कडी लावली आणि आत काही झालं तर तुम्ही येणार कशा?" बरं, कडी लावली नाही तर चोराची भीती. मग त्यांनी तोड काढली. दाराला खुर्ची टेकवायची आणि खुर्चीवर एक मोठं पातेलं ठेवायचं, म्हणजे कोणी दार ढकललं की समजेल. एका पहाटे ते पातेलं मांजराने पाडलं. अख्खी बिल्डिंग जिन्यात गोळा झाली. मधोमध काका उभे, बनियनवर, पांढरेफटक. एवढी माणसं जिना अडवून उभी होती, पण ते कोणालाही पुढे सरका म्हणाले नाहीत. मला तेव्हा त्यांच्याबद्दल पहिल्यांदा खरी भीती वाटली. त्यानंतर रोज सकाळी मी वरच्या न्हाणीघराकडे कान लावून बसायला लागले. फरशीवर बादली ओढल्याचा आवाज आला की चहा टाकायचा, तोवर हात चालायचा नाही.

अशातच एकदा ते गोधडी घेऊन खाली आले. काकूंनी करायला घेतलेली, अर्धवट. माळ्यावर नव्हती की ट्रंकेत नव्हती. दिवाणाच्या कोपऱ्यात घडी घालून ठेवली होती, उद्या परत घ्यायची असल्यासारखी. सुई तशीच टोचलेली. वरून काकूंच्या जुन्या सुती साड्यांची ठिगळं, आणि एका बाजूला एक मोठं खाकी ठिगळ. "हा माझा शर्ट आहे," काका म्हणाले. "नोकरीच्या शेवटच्या दिवशी घातलेला. मी सगळं कपाट पालथं घातलं होतं. विचारलं तर म्हणाली, असेल कुठेतरी." मग गोधडी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "पुरी करून द्या."

मी सांगितलं, मला वेळ नाही. वेळ होता. पण ती सुई उपसायची माझी छाती झाली नाही. काकूंनी टोचलेली सुई आपण कशी काढायची? म्हणून म्हटलं, "मी दाखवते, तुम्ही घाला टाके."

"हे बायकांचं काम."

"तुमचा गणवेश बाईने शिवला होता का?"

 आयुष्यभर लोकांना उत्तरं दिलेल्या माणसाला उत्तर ऐकायची सवय नसते. मग ते फरशीवर मांडी घालून बसले, डोळे मिटले, आणि सुई त्यांनीच उपसली.

गोधडी कडेने सुरू करतात. कडेला लागून टाक्यांची एक फेरी, मग तिच्या आत दुसरी, असं करत करत मध्यावर यायचं. एवढं त्यांना लगेच पटलं. "म्हणजे रूट ठरलेला आहे," म्हणाले. पण टाके? काकूंचे टाके तांदळाच्या दाण्यासारखे, एक झाकावा, दुसरा काढावा. काकांचे टाके कुठे बोटभर, कुठे कणभर, आणि रांग सोडून निघालेले. स्वतःच स्वतःवर ओरडायचे, "अरे, रांगेत!" आणि शिस्त तीच जुनी. कालचं काम आज आवडलं नाही की दोरा ओढून उसवायचं. मी म्हणायची, राहू द्या, गोधडीत चालतं. "चुकीचं तिकीट चालतं का?" असं विचारून ते उसवायचे. दुपारी माझी पोरं पाढे म्हणायची आणि काका कोपऱ्यात टाके घालायचे. त्या वेळात ते पाणी आलं का विचारत नसत.

मंजिरीचा फोन आला की "गोधडी झाली की येतो" एवढंच सांगायचे. एकदा फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "बाई, खरं सांगू? ही संपली की मग काय, याची मला भीती वाटते. तिचं अर्धं राहिलेलं एवढं एकच काम घरात आहे. हेही झालं की ती पुरी गेली."  मी उगाच पोरांवर ओरडले.

आणि मग ती दुपार. बेल वाजली नाही, दारावर थाप पडली. काका गोधडी छातीशी धरून उभे होते आणि दुसऱ्या हातात उसवलेला लांबच लांब दोरा.  "बाई, हा दोरा बघा. याला मेण आहे."

मी हातात घेतला. ताठ होता, बोटांना मेण लागत होतं. काकू दोरा आधी मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घ्यायच्या, गुंता होऊ नये म्हणून. काका मेण लावत नसत. सकाळी वर एकटेच बसून त्यांनी खाकी ठिगळावरच्या वाकड्या फेऱ्या आपल्याच समजून उसवल्या होत्या. त्या काकूंच्या होत्या.

आम्ही गोधडी फरशीवर पसरली. कडेपासून बोट फिरवत आत येत गेलो. तांदूळ, तांदूळ, तांदूळ. मग एका फेरीत टाका जरा लांबला. पुढच्या फेरीत दोन टाके एकावर एक. खाकी ठिगळाशी तर रांग पार भरकटलेली, कुठे सुई तीन-तीनदा त्याच जागी शिरलेली. काकूंना हात दगा देतोय हे कळलं होतं. कळूनही त्या रोज घालत राहिल्या होत्या.

"दिवाळीत तिच्या हातून कप पडला," काका म्हणाले. "मी काय म्हणालो माहितीये? डोळे घरी ठेवून आलीस का, म्हणालो." त्यांनी त्या ठिगळावर बोट ठेवलं. "ती इथे बसून हे शिवत होती आणि मी समोर टीव्ही बघत होतो. माझे डोळे तर घरीच होते हो."

मग अगदी हळू म्हणाले, "आता मला या घराची भीती वाटते. अजून कशाकशात काय सापडेल सांगता येत नाही." त्यांनी गोधडीची घडी घातली आणि ते वर गेले. थोड्या वेळाने आतून कडी लावल्याचा आवाज आला. इतके दिवस जी कडी लागत नव्हती ती भरदुपारी लागली.

पुढे दोन-चार दिवस ते खाली आलेच नाहीत. मी डबा नेला तर दाराच्या फटीतून घेतला. बादली मात्र सकाळी वाजायची, म्हणून मी मनाला समजावत होते. मग एका सकाळी ती वाजली नाही. मी वाट पाहिली. चहाचं पाणी आटून गेलं. वर गेले, बेल दाबली, कडी वाजवली, हाका मारल्या. आत काही हालचाल नाही. नको नको ते डोळ्यांपुढे यायला लागलं. मंजिरीला काय सांगायचं, दार कोण तोडणार, आत काय दिसणार! मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. शेजारचे बाहेर आले. आणि आतून आवाज आला, खणखणीत, "दार सरकारी आहे का? मोडाल!"

मी जिन्यातच खाली बसले. रडू आवरेना. दार उघडून काका म्हणाले, "मधेच उठलो तर भोक हरवतं. म्हणून उठलो नाही."

फरशीवर गोधडी पसरली होती. खिडकीतलं ऊन नेमकं खाकी ठिगळावर येईल अशी ओढून घेतलेली. आंघोळ नाही, चहा नाही, उजाडल्यापासून ते त्यावर बसले होते. "इकडे या. बघा." मी वाकले. खाकी कापड जाड असतं. दोरा निघाला तरी सुईची भोकं त्यात तशीच राहिली होती. वाकडी, भरकटलेली, एकाच जागी तीन-तीन. काका काकूंचाच मेण लावलेला दोरा काकूंच्याच भोकांतून पुन्हा ओवत होते, एकेक करत.

"सरळ नाही करायची?" मी विचारलं. हाच माणूस, ज्याला चुकीचं तिकीट चालत नव्हतं.

"नाही. ती जिथून गेली तिथूनच जायचं," ते म्हणाले. "तेव्हा बरोबर नव्हतो. आता तरी." पुढचं ऐकायला मी थांबले नाही. खाली येऊन चहा केला आणि वर नेऊन दिला.

ठिगळ पूर्ववत झाल्यावर ते पुन्हा दुपारी खाली येऊ लागले. पुढच्या फेऱ्या त्यांच्या स्वतःच्या. आता टाके बरे पडत होते. तांदूळ नाही म्हणता येणार, पण ज्वारी म्हणायला हरकत नव्हती. मध्यावर आले तेव्हा मी सांगितलं, शेवटच्या ठिगळाखाली पोळीचा तुकडा घालून शिवतात, माझी आई म्हणायची गोधडी उपाशी ठेवू नये. दुसऱ्या दिवशी ते स्वतः लाटलेली पोळी घेऊन आले. मी एक तुकडा चाखला आणि म्हटलं, "ही शिवून टाकलेलीच बरी." किती दिवसांनी ते हसले! शेवटचा टाका घालायला मात्र त्यांनी फार वेळ लावला. त्यांनी गाठ मारली, दोरा तोडला आणि सुई माझ्या हातात दिली. "ठेवा तुमच्याकडे. माझ्याकडे हरवेल."

मंजिरी न्यायला आली. निघायच्या सकाळी तिने गोधडी दिवाणावर पसरली आणि हात फिरवायला लागली. खाकी ठिगळाशी थांबली आणि हसली. "बाबा, हे तुम्ही घातलेत ना? काय वेडेवाकडे टाके हे!"  ते आता सांगतील आणि ही पोर जन्मभर आईचा हात डोळ्यांपुढे आणत बसेल, असं वाटलं. जन्मभर लोकांच्या चुका दुरुस्त करत आलेला माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "माझेच आहेत ते."

"आणि मधले हे आईचे? शेवटपर्यंत किती नीट घालत होती."

"मधले आईचे."

गोधडी त्यांनी सामानात टाकू दिली नाही, काखेत मारून स्वतः खाली नेली. परवा फोनवर मी विचारलं, "काका, तिकडे भीती वाटते का अजून?" म्हणाले, "वाटते की. पांघरून झोपतो."

वर आता नवीन भाडेकरू आलेत. सकाळी फरशीवर बादली ओढल्याचा आवाज येतो, माझा जीव भांड्यात पडतो, मी चहा टाकते, आणि मग आठवतं की ते काका नाहीत.