पेट्रोलच्या विहिरीवरचा कंदील

पडीक विहिरी बुजवण्याच्या धंद्यात त्याला सगळे बूच म्हणत. डोकं तापट, आणि हात डोक्याच्याही पुढे धावणारा. एकदा विहिरीत वरून डबर ओतायला निघालेल्या ट्रकवाल्याला त्याने कॉलर धरून खाली खेचलं आणि त्याचे दोन दात पाडले. डबर मध्येच अडकतं, खाली पोकळी राहते आणि घाण शेजारच्या विहिरींत झिरपत राहते, हे त्याला समजावूनही सांगता आलं असतं. पण समजावणं बूचला जन्मात जमलं नाही.

बायको-मुलं नव्हती. थोरला भाऊ आणि वहिनी, एवढंच त्याचं घर. दोन्ही वेळा जेवायला तिथेच.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपामागची विहीर मिळाली तेव्हा त्याने दादाला सोबत घेतलं. जमिनीतली टाकी कधीची फुटलेली, पाण्यावर बोटभर पेट्रोल. सरकारी कागदात सगळं लिहिलं होतं. तरंगतं पेट्रोल उपसून पिंपांत भरायचं, जुनी मोटर वरूनच ओढून काढायची, आत कुणी उतरायचं नाही, मग तळापर्यंत नळी सोडून सिमेंटचा गारा खालून वर भरत आणायचा. पन्नास फुटांत विस्तव नको.

दादाने मात्र चाळीस वर्षं विहिरी खणल्या होत्या. उतरण्याआधी पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. विझला तर हवा खराब, तेवत राहिला तर खुशाल उतरा. त्या कंदिलाने त्याचा जीव कितीदा तरी वाचवला होता. बूचच्या वाफा मोजायच्या मीटरला तो खेळणं म्हणायचा.

"दादा, इथे कंदील विझणार नाही. भडका उडेल."

"माझ्या हाताखाली शिकलास आणि मलाच अक्कल शिकवतोस?"

बूचने कंदील उचलला आणि भिंतीवर आपटून त्याचा चुराडा केला. पुढे दिवसभर दोघांनी तरंगतं पेट्रोल उपसून पिंपांत भरलं.

दुसऱ्या दिवशी मोटर गाळात रुतून बसली, काही केल्या हलेना. बूच जाड साखळी आणायला टेम्पोकडे गेला. वळून पाहतो तर दादा आत उतरायच्या तयारीने विहिरीकडे निघालेला, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात पेटलेला कंदील. हा दुसरा कुठून आला, देव जाणे. हाक मारली असती तर तो हट्टाने पुढेच गेला असता. बूचने टेम्पोतला कुदळीचा दांडा उचलला, धावत जाऊन त्याला गाठलं आणि सगळ्या ताकदीने मनगटावर हाणला. हाड कडकन मोडलं. कंदील मातीत पडून रॉकेल पेटलं, तसा बूच त्यावर पालथा पडला. शर्टासकट छातीची कातडी जळाली, पण जाळ विझला. दादा गुरासारखा ओरडत त्याच्या बरगड्यांत लाथा घालत होता. बूचने त्या खाल्ल्या.

मग सरपटत काठाशी जाऊन त्याने मीटर धरला. मीटर किंचाळायला लागला, आकडा पार टोकाला. पेट्रोल उपसलं तरी वाफा आत भरलेल्याच होत्या. तो आकडा त्याने कागदावर लिहून घेतला.

विहीर नियमाप्रमाणे भरली गेली. दादाचं मनगट वाकडं जुळलं, बोटं मिटेनात. विहिरीचं काम कायमचं संपलं. भेटेल त्याला तो सांगू लागला, भावाने फुकट हात मोडला, काही म्हणजे काही झालं नसतं. पंधरा दिवस हे ऐकून बूचचं डोकं फिरलं. मीटरच्या आकड्याचा कागद खिशात घालून तो दादाच्या घरी गेला.

दारात वहिनी भेटली. तिने दार मागे ओढून घेतलं.

"भावजी, खरं सांगा. उडाला असता भडका?" ती कुजबुजली. "त्यांनी हट्ट धरला म्हणून माळ्यावरचा जुना कंदील मीच काढला. पुसला, रॉकेल भरलं, डब्याच्या पिशवीत ठेवला. डोळा लागत नाही हो माझा. त्यांना मीच मारलं असतं का?"

बूचचा हात खिशातल्या कागदावर होता. तो तिथेच राहिला.

"नसता उडाला, वहिनी. पेट्रोल सगळं उपसून झालं होतं. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

मग तिने त्याच्या थोबाडीत मारली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"त्यांचा उजवा हात घेतलात तुम्ही. या घराची पायरी पुन्हा चढू नका."

दार बंद झालं. आत ती दादाला सांगत होती, भावजींनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून. तिचा आवाज अगदी मोकळा झाला होता. बूच गाल चोळत रस्त्यावर आला, आणि जेवायची वेळ झालीय हे लक्षात येऊन त्याला रडू फुटलं.