तात्यांचं गाऱ्हाणं आणि संपलेली लिमिट

मागच्या मंगळवारी अंधेरीच्या ऑफिसात चहाचा पहिला घोट घेतला आणि अण्णांचा फोन आला. "साईटची वाट लागली गो! एक व्हिडिओ चालूक नाय!"

अण्णा म्हणजे आमच्या कोकणातल्या गावाच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. निम्मं गाव भांडुपला, उरलेलं दहिसर ते मुलुंड पसरलेलं... आणि मी 'कॉम्प्युटरमधली' म्हणून मंडळाची वेबसाईट माझ्या गळ्यात.

मुळात फोटो-व्हिडिओंनी साईट गोगलगाय झाली होती. म्हणून मी म्हटलं, साईट राहू दे इथेच, जड सामान बाहेरच्या होस्टिंगवर ठेवू. त्यावर मीटिंगमध्ये दीड तास वाद! "देवळातली भांडी शेजाऱ्याच्या घरात ठेवायची काय?" हा अण्णांचा सवाल. शेवटी एक फुकटची सर्व्हिस घेतली आणि मी शहाणीने सगळे व्हिडिओ जसेच्या तसे, भल्यामोठ्या साईजमध्ये चढवले.

आता त्याच सर्व्हिसचा निरोप आला होता... या महिन्याची लिमिट संपली. म्हणजे लोकांनी बघायचं तेवढं बघून झालं, आता पुढच्या महिन्यात या.

मी वैतागले. आमच्या साईटवर कुत्रंही फिरकत नाही, मग बघितलं कोणी एवढं? आकडे उघडले तर बाकी सगळे व्हिडिओ धूळ खात होते. एकच व्हिडिओ रोज दोनदा चालत होता... सकाळी सात आणि संध्याकाळी सात. दोन महिन्यांपूर्वीच्या पूजेचा, पूर्ण बावीस मिनिटांचा.

मी मंडळाच्या ग्रुपवर जरा तिखटच मेसेज टाकला. 'कोण रोज दोनदा पूजा बघतंय? कृपया फोनवर उतरवून घ्या.' ग्रुपवर सगळे चिडीचूप. एरवी गुड मॉर्निंगला चाळीस उत्तरं येतात!

दोन दिवसांनी भांडुपच्या काकींचा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. "ती लिमिट का काय ती मीच संपवलंय गो बाय... रागावू नको हां."

काकी म्हणजे तात्यांच्या बायको. मंडळाच्या पूजेला गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्या गावासाठी देवाकडे मागणं मागायचं, ते तात्यांनीच, वर्षानुवर्षं. त्या पूजेनंतर पंधरा दिवसांत तात्या गेले... आणि त्यांचं शेवटचं गाऱ्हाणं त्या एका व्हिडिओत राहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस काकींच्या घरी तात्यांचा आवाज नव्हता, आणि वरून मी सगळ्यांसमोर झापलं होतं.

शनिवारी सरळ भांडुपला गेले. काकींनी आधी आंबोळ्या वाढल्या, मग फोन पुढे केला. मी म्हटलं, "काकी, गाऱ्हाणं अठराव्या मिनिटाला आहे. तेवढंच कापून तुमच्या फोनमध्ये टाकते."

"नको गो. देवाचा अर्ध्यातसून लावतत काय? आणि गाऱ्हाणा एकट्याचा नसता, गावाचा असता. मंडळाच्या जागेवरच ऱ्हवूदे."

मग मी काकींच्या शेजारीच बसून लॅपटॉप उघडला. लिमिट नसलेली, काकींच्या साध्या फोनवर न अडकता चालणारी सर्व्हिस शोधली. या वेळी व्हिडिओ हलके करून चढवले आणि काकींच्याच फोनवर लावून बघितलं.

काकी आधी दिवा लावून आल्या. पदर सावरून बसल्या. पूर्ण पूजा झाली आणि तात्यांचा तो खणखणीत आवाज आला... "जी लेकरा घराबाहेर कामाधंद्याक गेली हत, तेंका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" व्हिडिओतला अख्खा हॉल म्हणाला. काकी म्हणाल्या. मीही म्हटलं. इतकी वर्षं मी त्या हॉलमध्ये मागे बसून फोन बघत होते. मलाही सुखरूप घरी आण, असं तात्या दरवर्षी मागत होते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

नव्या सर्व्हिसवरही कोण किती वेळा बघतं ते दिसतं. रविवारी सकाळी सात वाजता तात्यांच्या व्हिडिओचा आकडा एकाने वाढला.

सोमवारपासून तो दोनाने वाढतो. दुसरा माझा... ऑफिसला निघण्याआधीचा.