रुक्माबाईच्या वहीतलं कोरं पान

रुक्माबाई बेळगावात रक्तदोषांच्या संशोधनावर नर्स होती. १९८२ पासून दर मंगळवारी ती बसने बोरगाव-सदलग्याला जाई. जिथं पोरं पांढरीफटक पडत, त्या घरच्यांचं रक्त काढी आणि वहीत वंशावळ मांडी. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. अंगात दोष लपलेला असला तर आकृती अर्धी काळी. आजारी असला तर पूर्ण.

डॉक्टरांनी सांगितलेलं ती आपल्या भाषेत समजावी. "मूळ दस्त कचेरीत ऱ्हातो, आपल्याला नक्कल मिळती. शरीरात बी तसंच. त्या नकलेला आरएनए म्हणत्यात. ती भलत्या जागी कापली, की रक्त धड बनत न्हाय. दोष आईबाप दोघांकडनं आला, तर पोराला म्हैन्याला रक्त चढवाय लागतंय."

बोरगावच्या यल्लव्वानं रुक्माबाईच्या शब्दावर मुलाचं आपल्या भावाच्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडलं; दोघांतही दोष निघाला होता. भावानं तिला माहेर बंद केलं.

पुढच्याच वर्षी रुक्माबाईच्या मुलाचं, शामूचं लग्न ठरलं, रुक्माबाईचाच भाऊ ज्योतिबा याच्या मुलीशी. मामाची मुलगी, हक्काची. रुक्माबाई दोघांचं रक्त तपासायला सुया घेऊन गेली, तेव्हा ज्योतिबा हसला. "आक्का, गावाची वही आता माझ्या दारात व्हय गं? आपल्या रक्तावर भरवसा न्हाय तुझा?"

रक्त न काढताच तिनं पिशवी मिटली, आणि लग्न लागलं. पिशवी मिटताना लहानपणी पांढरीफटक पडून गेलेली धाकटी बहीण तिला आठवली होती. दृष्ट लागून गेली, असं घरात म्हणत. तीही तसंच म्हणत आली होती.

१९८५ मध्ये शामूचा सात महिन्यांचा मुलगा, तिचा नातू, रक्त चढवायला तिच्याच वॉर्डात आला. त्याला मांडीवर घेऊन ती बसली होती, तेवढ्यात यल्लव्वा लेकीला घेऊन आत आली.

"धाकटीचं ठरतंय, आक्का. म्हटलं आधी रक्त बघून घ्यावं. हे कुणाचं वो बाळ?"

"पेशंट हाय," रुक्माबाई म्हणाली.

"लई फिकं हाय. ह्याच्या आईबापाला तुमच्यासारखं सांगणारं कोण भेटलं न्हाय व्हय?"

बाळानं आजीचा पदर मुठीत धरला होता. रुक्माबाईला मान वर करवेना.

"सांगणारी घरातच हुती, यल्लव्वा. नातू हाय माझा."

यल्लव्वानं बाळाच्या फिक्या गालावरनं हात फिरवला. मग लेकीचा हात पुढं करून म्हणाली, "घ्या. तुमीच काढा."

रक्त काढून झाल्यावर रुक्माबाईनं वहीचं कोरं पान उघडलं. सगळ्यात आधी तिनं धाकट्या बहिणीचं वर्तुळ काढलं आणि ते पूर्ण काळं केलं.