कमी हजेरी

मी स्थलांतराच्या कायद्याची अभ्यासक आहे असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. त्याच्या भाच्याला कॅनडाला जायचं असतं. मी कुलगुरू झाले म्हणून आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात सत्कार ठेवला होता, तिथेही अध्यक्षांनी शाल पांघरता पांघरता कानात व्हिसाचंच विचारलं. माझा विषय विमानतळावर नाही, सुरगाण्याच्या जीपस्टँडवर सुरू होतो, हे त्यांना कुठे सांगत बसू? भात कापून झाला की तिथून जीपा भरभरून माणसं द्राक्षबागांकडे उतरतात. त्यांना मजुरी, निवारा, रेशन कुठल्या कायद्यानं मिळावं, यातच माझी हयात गेली. पुस्तकं लिहिली, परिषदांमधून भांडले. कायदे बरेचसे कागदावरच राहिले, त्याचा राग अजून जात नाही.

कुलगुरूचा निम्मा वेळ समया लावण्यात जातो आणि उरलेला बैठकांत. अशाच एका बैठकीत, थंडीच्या दिवसांत, विधी शाखेच्या एका मुलीचं अपील माझ्यापुढे आलं. हजेरी कमी म्हणून तिला परीक्षेला बसू देत नव्हते. मुलगी सुरगाण्याकडची. दिवाळीनंतर घरच्यांबरोबर विंचूरकडच्या बागेत द्राक्षाचे घड विरळायला गेलेली. परीक्षा तोंडावर आली होती. या वर्षी बसले नाही तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, हे तिने आल्याआल्याच सांगून टाकलं.

"हजेरी एवढी कमी का?" परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी विचारलं.

"बाईमाणसाला कमीच देतात, सर," ती म्हणाली.

बागेत हजेरी म्हणजे दिवसाची मजुरी. इतके दिवस तो शब्द तिच्या कानावर त्याच अर्थाने पडत होता. टेबलाभोवती हशा पिकला. आपलं काय चुकलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिची मान खाली गेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हसून झालं असेल तर पुढचं बोलू या, असं मी म्हटलं, आणि बहुधा जरा मोठ्याने म्हटलं.

आमचे कुलसचिव मनाने चांगले. साप मरावा पण काठी मोडू नये, अशी तोड त्यांनी काढली. मुलीने डॉक्टरचा दाखला आणावा, आजारपणाला सूट आहे, सगळे तसंच करतात. अगदी मायेने समजावत होते.

"मी आजारी नव्हते, सर," ती म्हणाली. "कामाला गेले होते."

आमच्या नियमात आजाऱ्याला सूट, खेळाडूला सूट, युवक महोत्सवात नाचणाऱ्यालाही सूट. पोटामागे गेलेल्याला नाही. माझ्याच विद्यापीठात, माझ्या नाकाखाली. नियम बदलायला वेळ लागला असता, पण इतर सबळ कारण असेल तर कुलगुरूंनी सूट द्यावी असं एक कलम होतं. प्रमुख म्हणाले, उद्या सगळेच बागेत गेलो होतो म्हणून सांगतील. सांगू देत, त्यांचे हात बघू, असं म्हणून मी सही केली.

मला वाटलं आता पोरगी हसेल. ती दारातच घुटमळली. तिच्या वर्गातली मैत्रीणही त्याच बागेत कामाला होती, असं तिने सांगितलं. अपिलासाठी दोघी बरोबरच आल्या होत्या. पण परीक्षेला बसता न येणाऱ्यांची नावं विद्यापीठाच्या फाटकावर लावली होती. त्यात स्वतःचं नाव बघून मैत्रीण तिथूनच बागेत परत गेली.

मी तिच्याकडून बागेतल्या मुकादमाचा नंबर घेतला आणि तिथेच फोन लावला. त्याने मैत्रिणीला बोलावलं. मी कोण ते सांगितलं, तुलाही सूट देते, पेपरला ये, म्हटलं.

"मला आत कोण सोडंल, मॅडम? माझं नाव लावलंय तिथं."

"मी फाटकावर उभी राहते," मी म्हटलं.

पेपरच्या दिवशी सकाळी जाऊन उभी राहिले. शिपायाने खुर्ची आणली, ती परत पाठवली. पहिली मुलगी कधीच आत गेली होती. वेळ होत आली तशी मी रस्त्यावर येऊन दोन्हीकडे बघायला लागले. मुकादमाने सोडलं नसेल, जीप मिळाली नसेल, नाही नाही ते मनात येत होतं. शेवटी एक जीप थांबली. मागून एक मुलगी उतरली आणि ओढणीने तोंड पुसत थेट माझ्याकडे आली.

"मावशी, कुलगुरू मॅडम कुठं हायेत? त्या इथं उभ्या राहणार होत्या."

"तू आधी आत पळ," मी म्हटलं. "आलीस म्हणून मी सांगते त्यांना."