चौदा दिवस एकशे वीस

बाउदिलिओची घोडचूक वहीत मोठ्या वळणदार अक्षरात होती. एकशे वीस, खाली ऐंशी. ओळीने चौदा दिवस. इतका नेमका रक्तदाब देवदूतांचाही नसावा. पण लेंपा नदीकाठच्या वस्त्यांवर हिंडणारा हा आरोग्यसेवक वीस वर्षांत कुणाला नाराज करून परतला नव्हता, हीच त्याची ख्याती.

खरं तर तो निकानोरकडे एकदाच गेला होता. ऊसतोडीत दोन्ही किडन्या घालवून बसलेला निकानोर. बहीण दोमिंगा त्याला आपली एक देणार होती. त्याआधी इस्पितळाला चौदा दिवसांच्या रक्तदाबाची रोजची नोंद हवी होती. त्या दिवशी काटा एकशे सत्तरावर गेला आणि निकानोरचं तोंड उतरलं.

"ऑपरेशन पुन्हा पुढे ढकलतील रे."

"ढकलू देतोय मी?" म्हणत बाउदिलिओने चांगलासा आकडा लिहिला. मग उरलेले तेरा दिवस उन्हात नदी कशाला ओलांडायची? घरी दोरीच्या झुल्यात पडल्यापडल्या वही भरली.

ऑपरेशनच्या दिवशी राजधानीतल्या इस्पितळात तो बाकावर दोमिंगाच्या पिशव्या सांभाळत बसला होता. भूल देणारी डॉक्टरीण तीच वही घेऊन बाहेर आली.

"हे कुणी मोजलं? टेबलावर त्याचं एकशे साठ होतं. मला वाटलं, घाबरलाय. घरी तर एकशे वीस असतं. म्हणून भुलीत दाब एकशे वीसवरच ठेवला. आता बहिणीची किडनी बसवलीय, तर ती राखाडी पडलीय. लघवीचा थेंब नाही. त्याच्या अंगाला जास्तीची सवय असेल, तर एवढ्या दाबात तिच्यापर्यंत रक्त पोचायचं नाही!"

बाउदिलिओच्या जिभेवर गोड उत्तर तयारच होतं. सवयच ती.

"एकदाच मोजलं, डॉक्टरीणबाई. एकशे सत्तर होतं. बाकीचं... मी रचलं."

ती शिवी द्यायलाही थांबली नाही, आत पळाली. दाब वर नेला तशी किडनी गुलाबी झाली. पुरती नाही, निम्मीशिम्मी.

घरी आल्यावर दोमिंगा टाक्यांवर हात दाबून एवढंच म्हणाली, "तेरा दिवस देणं लागतोस. चालत यायचं."

तो गेला. पेटवलेल्या उसाची काजळी अंगावर घेत, बारा सकाळी. आकडे खरे लिहिले. दर खेपेला निकानोरचे पाय आदल्या दिवसापेक्षा सुजलेले.

"काय मास्तर, आज तरी पास का?" निकानोर विचारायचा.

तेराव्या सकाळी खाट रिकामी होती.

"पहाटे नेलं. परत डायलिसिस," दोमिंगा म्हणाली. मग तिने बाही वर सारली. "आलायस तर माझं घे."

एकशे अठ्ठेचाळीस. बाउदिलिओचं पेन कागदावर अडलं.

"लिही, आहे तेच लिही. आणि हे त्या तेरा दिवसांत धरायचं नाही."