टीव्हीवरची तलवार

बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर एक तलवार टांगलेली होती, आणि सासऱ्यांचं सगळं मोठेपण त्याच खिळ्यावर होतं. पाहुण्यानं चपला काढायचा अवकाश, यांची सुरुवात व्हायची: "आमच्या पणजोबांनी वाळवंटातल्या लढाईत शत्रूच्या हातून हिसकावली." सून संग्रहालयात जुनी शस्त्रं साफ करायची, ती कुठली हे ठरवायची. सासरे मात्र चारचौघांत सांगायचे, "सूनबाई सरकारी भांडी घासतात." ती हसून सोडून द्यायची. बाई मोठी शांत, पण कामाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकायची नाही.

संग्रहालयात शस्त्रांचं प्रदर्शन ठरलं आणि सासऱ्यांनी हट्टच धरला. तलवार काचेत हवी, खाली पणजोबांची लढाई लिहिलेली हवी. स्वतःच चादरीत गुंडाळून घेऊन आले.

सुनेनं तेलाच्या बोळ्यानं गंज सोडवला, तशा पात्यावर काळ्या-पांढुरक्या रेघा दिसू लागल्या. लांबच लांब जाऊन टोकाशी वळून परत येणाऱ्या, अंबाड्यातल्या आकड्यासारख्या. दोन प्रकारचं लोखंड एकत्र ठोकून अशी पाती तिबेटाकडचे लोहार घडवत. म्यानही मधोमध झिजलेलं, कारण तिकडे तलवार कमरेला पुढून आडवी खोचत. वाळवंटाचा काडीचा संबंध नव्हता.

खरं लिहावं तर घरातला म्हातारा खचणार, खोटं लिहावं तर आजवरच्या कामावर पाणी. संध्याकाळी ती सासऱ्यांशेजारी जाऊन बसली.

"बाबा, तलवार हिमालयापलीकडची आहे. लढाईचं मला लिहिता येणार नाही."

सासरे चष्मा काढून पुसू लागले.

"पणजोबा खेचरं हाकायचे," ते म्हणाले. "डोंगरांपलीकडे मीठ न्यायचे, लोकर आणायचे. माझ्या वडिलांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी लढाई जोडली. मीही तीच पुढे चालवली."

"अहो बाबा, त्या खिंडींत नुसतं उभं राहिलं तरी दम लागतो माणसाला. ते खेचरं घेऊन जायचे, आणि लाज कसली वाटून घेताय?"

त्या रात्री सासऱ्यांचं जेवण अर्धंच झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी मात्र इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या आधी काचेपाशी हजर. एका गृहस्थानं विचारलं, "कुठल्या लढाईतली हो ही?"

"लढाई कसली? आमचे पणजोबा खेचरं घेऊन हिमालय ओलांडायचे, तिकडून आणली." मग त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या सुनेकडे बोट केलं. "आणि कुठली ते त्या बाईंनी पात्यावरून ओळखलं. माझी सून आहे."