कागदावर उतरवलेला पुरवंताचा नाच

फ्रान्सच्या त्या राजाचं काय जात होतं? त्याला नाचाची भारी हौस, म्हणून त्यानं आपल्या नृत्यगुरूला फर्मावलं, नाच कागदावर लिहायची काहीतरी युक्ती काढ. गुरूनं काढली, पण पुस्तक छापलं दुसऱ्यानंच, आणि मग दोघांचा कज्जा. युक्ती तशी सोपी. पानाच्या वरच्या कडेला राजा बसलाय असं धरायचं. नाचणारा जाईल त्या वाटेची रेघ, आणि रेघेच्या दोन्ही अंगांना डाव्या-उजव्या पायाच्या खुणा. दरसाल नव्या नाचांची पुस्तकं निघायची, लांबलांबचे मास्तर ती वाचून शिकवायचे. पुढं नाच अवघड झाले, खुणा पुरेनात, आणि त्या लिपीला कोणी विचारेना.

हे मी परभणीच्या कॉलेजातल्या एका जाड इंग्रजी ग्रंथात वाचलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद पडलं तेव्हा तो ग्रंथ घेऊन मी एस.टी.नं सेलूजवळच्या आमच्या गावी आले. डोक्यात खूळ शिरलं होतंच.

घरी अप्पा, माझे वडील, बाजेवर पडून होते. ते वीरभद्राचे पुरवंत. आम्हा लिंगायतांच्या लग्नात गुग्गुळ निघतं. पेटत्या धुपाचं मडकं डोक्यावर घेऊन मिरवणूक चालते, आणि तिच्यापुढं तलवार घेतलेला पुरवंत विस्तवाकडं तोंड करून नाचत नाचत मागं सरकत जातो. आमच्या भागात अप्पाच नाचायचे. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. नाच कुणाला शिकवलेला नव्हता; मुलगा नाही, आणि मुलींना शिकवायची रीत नाही. त्यात धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं. अप्पांच्याच पोरीचं गुग्गुळ नाचाशिवाय निघणार, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

मग मी आठवून आठवून सगळा नाच कागदावर काढला. राजाच्या जागी विस्तव. अंगणात तशाच चुन्याच्या रेघा मारल्या आणि सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेल्या चुलतभावाला त्यांवर उभं केलं.

"अक्का, हे लय अवघड करायलीस तू," तो कुरकुरायचा. तरी शिकला बिचारा.

तोवर अप्पा तुटक बोलायला लागले होते. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांची बाज अंगणात आणली. भाऊ नाचला. अप्पांचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, फत्ते झाली!

"ह्यो... डाव्याच पायावर नाचायलाय," अप्पा म्हणाले. "माझा लकवाबी... लिहून घेतलास व्हय गं?"

कपाळ माझं! गुग्गुळात बायका विस्तवाच्या मागं चालतात. जन्मभर मी अप्पांना समोरून पाहिलेलं. त्यांचा उजवा पाय मला माझ्या डावीकडं दिसायचा, तो मी डावा म्हणून लिहिला.

"उलटं करते, अप्पा. रात्रीतून करते."

"ऱ्हाऊ दे."

देवापुढं डावा पाय पडला असता, या धास्तीनं भाऊ चुन्याबाहेर सरला. किती विनवण्या केल्या, पण तो पुन्हा उभा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी गुग्गुळ दारावरून गेलं. अप्पांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. विस्तवापुढं मागं मागं सरकणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे भराभर चालले आणि मिरवणूक लवकर संपली.